कॅडमध्ये युनिट आणि नगमोजणी: या चुका टाळा

कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, काढलेली इतरांची ड्रॉइंग तपासणं हे माझं रोजचं काम. माझ्या लाल पेनाची निम्मी शाई दोनच कारणांनी संपते: युनिट चुकलेलं असतं, नाहीतर नग चुकलेले असतात. दोन्ही नीट शिकायला एक दुपार पुरते, पण नव्या मुलांना पहिल्याच दिवशी थ्रीडीत शिरायचं असतं. खाली उदाहरणं ऑटोकॅडची आहेत, पण दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही ओळखीची वाटतील.

युनिट बदललं म्हणजे ड्रॉइंग बदललं, हा समज

युनिट्स कमांड उघडायची, यादीतून मिलिमीटर निवडायचं, ओके दाबायचं आणि काम झालं असं समजायचं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता नवीन माणसाला सगळ्यात आधी हेच विचारतो. ऑटोकॅडच्या लेखी १२० लांबीची रेघ म्हणजे नुसता १२० हा आकडा. तो इंच की मिलिमीटर, हे तुम्ही ठरवायचं. त्या यादीतून निवडलेलं युनिट, म्हणजे इनसयुनिट्स, मुख्यतः बाहेरून येणारा ब्लॉक (एकत्र बांधून पुन्हा पुन्हा वापरायचं चित्र) किंवा जोडलेली फाइल किती पट करून आत घ्यायची यासाठी असतं. आधी काढलेली एकही रेघ त्याने हलत नाही.

एकदा इंचात काढलेला एका खोलीचा प्लॅन आमच्याकडे आला. आमचं काम मिलिमीटरमध्ये. ज्याच्याकडे दिला होता तो घाईत होता. त्याने स्केल कमांडला २५ दिलं, का तर २५.४ म्हणजे जवळपास तेवढंच. १२० इंचांची भिंत ३००० झाली. खरी हवी होती ३०४८. आणि गंमत नव्हे, दुःख असं की ३००० हा आकडा इतका गोल, इतका सुबक दिसत होता की तीन जणांनी ड्रॉइंग पाहूनही कोणाला शंका आली नाही. त्या मापाने कपाटं तयार झाली, भिंतीला लावली आणि कडेला ४८ मिलिमीटरची फट उरली. तीन बोटं सहज जातील एवढी. ती फट पट्टी लावून झाकली गेली, पण मला ती आजही दिसते.

इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, नेमके. १९५९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारापासून त्यात मागेपुढे काही नाही. त्यामुळे तिथे अंदाजाला जागाच नाही.

माझी सवय सांगतो. कुठलीही फाइल आली की एक रेघही काढण्याआधी अंतर मोजणारी डिस्ट कमांड घेऊन एखादा दरवाजा मोजतो. ९०० आलं तर मिलिमीटर, ०.९ आलं तर मीटर, ३६च्या आसपास आलं तर इंच. मग उणे चिन्ह लावून, फाइलचं युनिट बदलणारी डीडब्ल्यूजीयुनिट्स कमांड देतो. ती एकेक प्रश्न विचारत जाते आणि आतल्या वस्तू मोठ्या करायच्या का, हेही विचारते. काम झाल्यावर तोच दरवाजा पुन्हा मोजतो. डोळ्याने ताणून 'बसवणं' मला अजिबात मान्य नाही.

युनिटबद्दल आणखी थोडं, पटकन:

नवी फाइल उघडताना टेम्पलेट, म्हणजे तिचा तयार साचा, बघा. नुसतं एकॅड असेल तर इंच, एकॅडआयसो असेल तर मिलिमीटर. निम्मा गोंधळ इथेच टळतो.

प्रिसिजन, म्हणजे दशांशानंतर किती आकडे दाखवायचे ते, शून्यावर ठेवलं की ९९९.६ चे १००० दिसतात. दिसतात फक्त. रेघ आहे तेवढीच असते.

डायमेन्शनचा, म्हणजे ड्रॉइंगवर दाखवलेल्या मापाचा, आकडा हाताने खोडून दुसरा टाइप करू नका. कितीही उशीर झाला असला तरी नाही. माझ्या हाताखालच्या माणसाला मी ज्यावरून खरोखर रागावतो अशी ही एकच गोष्ट आहे, कारण पुढचा माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून भिंत बांधतो.

थ्रीडी प्रिंटिंगला लागणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये युनिट लिहिलेलंच नसतं. पाठवताना सोबत कळवा.

निवडलं, आकडा दिसला, यादीत लिहिला

एका मोठ्या इमारतीच्या दिव्यांचं ड्रॉइंग होतं. मुलाने क्यूसिलेक्टने (एकाच प्रकारच्या सगळ्या वस्तू एकदम निवडणारी कमांड) दिव्याचा ब्लॉक निवडला, प्रॉपर्टीजच्या खिडकीत वर २३६ दिसलं, यादीत २३६ गेले. माल आला, सगळे दिवे लागले आणि ३३ खोकी उरली. मी फाइल उघडून बसलो. एका हॉलमधला एक दिवा निवडून डिलीट दाबलं. दिवा तिथेच. पुन्हा दाबलं, तेव्हा गेला. त्या हॉलचे आठ ओळींतले चार-चार असे ३२ दिवे कोणीतरी कॉपी करून त्याच जागी पेस्ट केले होते. पडद्यावर, प्रिंटमध्ये, कुठेच काही वेगळं दिसत नव्हतं. तेहेतिसावा दिवा? तो खुणांच्या तक्त्यातला. समासात 'हा दिवा' म्हणून दाखवलेला ब्लॉकही क्यूसिलेक्टने इमानेइतबारे मोजला होता.

तेव्हापासून मोजणीआधी, एकावर एक आलेल्या सारख्या वस्तू काढून टाकणारी ओव्हरकिल कमांड चालवल्याशिवाय मी यादी पुढे जाऊ देत नाही. एक लक्षात ठेवा: वरचा दिवा एका लेयरवर (ड्रॉइंगच्या थरावर) आणि खालचा दुसऱ्यावर असेल, तर ओव्हरकिल त्यांना वेगळे समजून सोडून देतं. अशा वेळी त्याच्या खिडकीत लेयरकडे दुर्लक्ष करायची खूण करावी लागते. आणि हे नेहमी फाइलच्या प्रतीवर करा, मूळ फाइलवर नाही.

२०२२च्या आवृत्तीपासून काउंट नावाची कमांड आली आहे. ती एकावर एक बसलेले आणि फोडलेले ब्लॉक दाखवून देते. ती चांगली आहे, वापराच. पण तिने दाखवलेल्या चुका उघडून न बघता नुसता आकडा उचलणारे बघितले की जीव तुटतो.

कमी मोजले जाण्याचीही कारणं असतात. एक्सप्लोड केलेला (फोडलेला) ब्लॉक म्हणजे नुसत्या रेघा, तो ब्लॉक म्हणून मोजला जाणार नाही. असोसिएटिव्ह ॲरेमध्ये (एकत्र जोडलेल्या प्रतींच्या मांडणीत) वीस खुर्च्या असल्या तरी निवडताना ती एकच वस्तू असते. फ्रीझ केलेल्या (लपवून ठेवलेल्या) लेयरवरचं सगळं सुटतं. एक्सरेफच्या, म्हणजे बाहेरून जोडलेल्या फाइलच्या, आतलं क्यूसिलेक्टला दिसत नाही. त्यासाठी ड्रॉइंगमधली माहिती यादीत काढून देणारी डेटाएक्स्ट्रॅक्शन कमांड घ्या आणि एक्सरेफ धरायचे की नाही ते तिथे सांगा.

आणि एवढं सगळं झाल्यावर मी प्रिंट काढतो, एक खोली निवडतो आणि पेन्सिलने प्रत्येक दिव्यावर टिंब देत मोजतो. बारा मोजले आणि कॉम्प्युटरही त्या खोलीचे बाराच सांगत असेल, तर यादीवर सही करतो.