परसातली करडई: पाणी कधी द्यायचं आणि कधी अजिबात नाही

करडई ही आर्टिचोक या काटेरी कळीच्या विलायती भाजीच्याच कुळातली. पानाच्या कडेला काटे, बोंडालाही काटे. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, पेरा. बी रात्रभर भिजवून सावलीत सुकवलेलं, दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर, खोली पाचेक सेंटिमीटर. नोव्हेंबरपर्यंत थांबलात, तर काळा मावा झाडांवर तुटून पडतो.

उगवल्यावर 10-15 दिवसांनी विरळणी करा, दोन रोपांत 20 सेंटिमीटर राहू द्या. उपटलेली कोवळी रोपं म्हणजे पहिली भाजी: मूगडाळ, लसूण, हिरवी मिरची आणि सोबत ज्वारीची भाकरी. खोड वर चढू लागलं की पानं राठ होतात, मग भाजीचा नाद सोडा.

आता पाणी. बागेतल्या बहुतेक करडया इथेच मरतात आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो. "रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी घाला" हा सल्ला पालकाला ठीक आहे, करडईला नाही. तिचं सोटमूळ मीटरभराहून खोल जातं आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या पावसाच्या ओलीवर ती वाढते. वर सतत चिखल ठेवलात तर मुळाला हवा मिळत नाही, बुरशी शिरते आणि हिरवंगार झाड दोन-चार दिवसांत माना टाकतं. मर लागलेलं झाड परत उठत नाही.

दुसरं टोकही तितकंच वाईट. जमीन तडकेपर्यंत वाट बघायची आणि मग घाबरून पाट सोडायचा, हे तर मुळीच करू नका. पाणी भेगांतून थेट खाली उतरतं, मुळांशी साचतं आणि अख्खा वाफा मर लागून जातो. असे वाफे मी खूप पाहिलेत. पाणी द्यायचंच तर भेगा पडण्याआधी, हलकं: एक पेरणीनंतर 30-35 दिवसांनी, दुसरं फुलं येताना, 55-60 दिवसांच्या सुमारास. चांगली ओल धरणाऱ्या भारी जमिनीत दुसऱ्याची गरजही पडत नाही.

अंदाज हातानेच घ्या. चार बोटं उकरून माती मुठीत दाबा. गोळा झाला तर पाणी नको. दुपारी पानं मलूल आणि संध्याकाळी ताठ दिसली, तर झाड ठीक आहे, पाइप खाली ठेवा. सकाळीही मलूल असेल आणि माती ओली असेल, तर रोग मुळाला आहे. तिथे पाणी घातलंत तर शेजारची झाडंही जातील. कुंडीत लावणार असाल तर खोल कुंडी घ्या, भोकं मोकळी ठेवा, खाली ताटली नको.

पाकळ्या हव्या असतील तर बिनकाट्याचं वाण घ्या, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं 'नारी-6' मिळालं तर उत्तम. पिवळं फूल कोमेजून केशरी-लाल झालं की पाकळ्या खुडा, सावलीत वाळवा. बोंडात बी भरत राहतं, त्यामुळे तेलबियांचं नुकसान होत नाही.

साधारण सव्वाचार महिन्यांनी पानं-बोंडं तपकिरी झाली की काढणी करा, तीही पहाटे. दवाने काटे मऊ असतात आणि बी झडत नाही. हाताला जाड कापड गुंडाळा. दोन दिवस ऊन देऊन काठीने झोडपा, उफणा आणि बी पुन्हा चांगलं वाळवूनच डब्यात भरा.