मानसोपचारात पालकाची सही कुठपर्यंत चालते

पालकत्वाचा कागद हाती असला की उपचाराचे सगळे निर्णय आपलेच, असे बरेच जण धरून चालतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ तसे म्हणत नाही. त्यामुळे आधी वय पाहा.

मूल १८ वर्षांखालचे असेल तर कायदेशीर पालक हाच त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत रुग्णाच्या बाजूने उभा राहणारा माणूस. दाखल करण्याचा अर्ज त्यानेच द्यायचा. पण तेवढ्याने भागत नाही. दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासलेले हवे, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे. मुलाला मोठ्यांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ सोबत राहायचे असते. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल, तर सोबतीला बाईच हवी. अडते ते इथेच. गोव्यात काणकोण किंवा सत्तरीहून बांबोळीच्या आयपीएचबीला, म्हणजे तिथल्या सरकारी मानसोपचार रुग्णालयाला, निघण्यापूर्वीच आत्या राहणार की मावशी, ते ठरवा. पालकाने घरी नेतो म्हटले तर मुलाला सोडावे लागते. विजेच्या झटक्याच्या उपचाराला (ईसीटी) मात्र पालकाची संमती पुरत नाही, या कायद्याखाली रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगीही लागते.

१८ पूर्ण झाली की आईबाप उभे राहतात ते नातेवाईक म्हणून. सज्ञान माणूस आपला प्रतिनिधी स्वतः निवडतो: साधा कागद, त्यावर त्याची सही किंवा अंगठा. तो बरा असतानाच हे करून घ्या, कारण बिघडल्यावर घरात कोणाचे ऐकायचे यावरूनच भांडण जुंपते. अशी निवड नसेल तर आधी नातेवाईक, मग सांभाळ करणारी व्यक्ती, मग मंडळाने नेमलेली.

आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही, असे डॉक्टरलाही धरता येत नाही. माहिती समजते का, हो-नाहीचे परिणाम कळतात का, निर्णय सांगता येतो का, हे तपासावे लागते. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेणेच जमत नसेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावरून ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते; इथेही दोन स्वतंत्र तपासण्या लागतात. रुग्णाला जवळजवळ पूर्ण आधार लागत असेल तेव्हाच प्रतिनिधी त्याच्या वतीने संमती देतो, तीही तात्पुरती. क्षमता दर ७ दिवसांनी पुन्हा तपासायची असते. ती नोंद कागदपत्रांत आहे का, ते विचारा. जमिनीचा वाद किंवा न पटलेले लग्न हे दाखल करण्याचे कारण होऊच शकत नाही.

बौद्धिक अपंगत्वासाठी मिळालेले पालकत्वाचे पत्र इथे आपोआप लागू होत नाही. या कायद्यात ते अपंगत्व मानसिक आजारात मोडत नाही.

जीव धोक्यात असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. दाखल करण्याविरुद्ध मंडळाकडे दाद मागायची असेल तर रुग्णाला वकील मोफत मिळतो; अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा.