पूर्व भागातील शाळा आणि समाधानाचा हिशेब

सोलापूरच्या पूर्व भागातील शाळेत रुजू होणारे नवे शिक्षक मला हमखास विचारतात की, या नोकरीत समाधान मिळते का. मिळते; मात्र ते कशात शोधायचे हे आधी ठरवावे लागते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज हा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा जिल्ह्यातील आम्हा सर्वांची मान उंचावली. पण पुरस्काराकडे डोळे लावून रोजचा वर्ग चालवता येत नाही.

प्राथमिक शिक्षक होण्याची वाट ठरलेली आहे: बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका), टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीचे सरकारी पवित्र पोर्टल आणि नंतर तीन वर्षे मानधनावर शिक्षण सेवक. हे मानधन २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये झाले आहे. घरभाडे भरणाऱ्याची या काळात ओढाताण होते. तरीही या कामाला त्याग म्हणू नये, कारण आपण त्याग केला असे मानणारा शिक्षक नकळत मुलांकडून उपकाराच्या परतफेडीची वाट पाहू लागतो.

आमच्याकडची बरीच मुले यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांतली असतात. विडीची मजुरी हजारी हिशेबाने मिळते, त्यामुळे ठरलेला आकडा पुरा होईपर्यंत आईला सूप खाली ठेवता येत नाही आणि संध्याकाळी पाने कातरायला किंवा विड्या मोजायला मुलीचे हात लागतात. अशा घरी दिलेला गृहपाठ कोरा परत आला, तर वहीवर लाल शेरा मारून काहीच साधत नाही. मी लेखनाचे काम शेवटच्या तासाला वर्गातच करून घेतो आणि घरी फक्त तोंडी सांगण्याजोगे काही देतो.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड किंवा उर्दू. तेलुगूत एकवचनी क्रियापदाला स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी कर्त्यासाठी एकच रूप चालते, त्यामुळे पहिलीतले मूल सहजपणे ‘ताई आलं’ म्हणते. हा निष्काळजीपणा नसून त्याच्या घरच्या भाषेचे व्याकरण मराठीत डोकावत असते, हे ओळखले की शिक्षकाचा आवाज आपोआप खाली येतो. अशा वेळी मी वाक्य तोडत नाही. ‘हो का, ताई आली? कुठून आली?’ असे विचारतो आणि मूल उत्तरात बरोबर रूप वापरते का, ते ऐकतो. पुष्कळदा वापरत नाही. काही महिन्यांनी तेच मूल शेजारच्याचे वाक्य दुरुस्त करते, आणि माझ्या समाधानाच्या हिशेबात जमेची बाजू म्हणून मी हेच धरतो. नव्या शिक्षकाने कामापुरती तेलुगू शिकून घ्यावी. निदान ‘अन्नं तिन्नारा?’ (जेवलात का?) एवढे विचारता आले, तरी पालकसभेत माय-बहिणी मागे बसून राहत नाहीत.

कागदपत्रांच्या कामाचा कंटाळा करणाऱ्यांनी मात्र या शाळांकडे वळण्यापूर्वी विचार करावा. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. परीक्षेला बसण्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. ही अट आमच्या बहुतेक घरांना सहज लागू पडते, पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये जायचे म्हणजे आईची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून दाखल्याला काय काय लागते, याची यादी शाळा उघडताच जूनमध्ये पालकांच्या हाती द्यावी, आधार आणि बँक खात्यावरचे नाव अक्षरन्‌अक्षर जुळते का ते पाहावे, आणि आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर अर्ज भरण्याची वाट न पाहता तो तेव्हाच दुरुस्त करायला सांगावे.