दूरच्या मंडळीसाठी पत्र लिहिताना

नंदुरबारहून तळोदा, तिथून चांदसैलीचा घाट चढून धडगाव. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की एसटी बंद, आणि आतल्या पाड्यांवर मोबाइलला रेंज हवी तर टेकडीवर चढून उभं राहावं लागतं. त्या बाजूच्या सहा लहान ख्रिस्ती मंडळ्यांची देखरेख माझ्याकडे आहे. आधी महिन्याआड जायचो. गुडघे बसल्यापासून वर्षातून दोनदा जमतं, बाकी सगळी भिस्त पत्रांवर. पत्रं मी मंडळ्यांना थेट लिहीत नाही. धडगावला आमचे एक तरुण पाळक आहेत, त्यांना लिहितो आणि ते ती घेऊन पाड्यापाड्यांवर जातात. अकरा वर्षं असं चाललंय. परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका बंधूंना अशीच जबाबदारी मिळाली आणि त्यांनी विचारलं, पाळकसाहेब, लिहायचं कसं? त्यांच्यासाठी हे.

फोन करूच नका असं मी म्हणत नाही. कोणी आजारी पडलं, कोणी वारलं, तर फोनच. पण कामाची गोष्ट फोनवर सांगितली की पाड्यावर पोचेपर्यंत तिचं रूप बदलतं. इकडून मी ‘बघू या’ म्हणालो, तिकडे ‘साहेब नाही म्हणाले’ असं पोचलं, हे मी तीनदा भोगलंय. कागदावरचं वाक्य दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचता येतं.

लिहायला बसण्याआधी वही उघडा. माझ्याकडे शंभर पानी वही आहे, दर मंडळीला काही पानं. कोणाला बाळ झालं, कोणाची शस्त्रक्रिया झाली, कोणाचा मुलगा आश्रमशाळेतून दहावी झाला, हे तिथे लिहिलेलं असतं. मागच्या पत्रात त्यांनी काय विचारलं होतं, ते लाल शाईने. त्याचं उत्तर आधी, तुमच्या सूचना नंतर. हा क्रम चुकला की समोरच्याला वाटतं, आपलं पत्र कोणी वाचलंच नाही.

सुरुवात माणसापासून करा. बायबलमधल्या प्रेषित पौलाने आपल्या तरुण साथीदाराला, तीमथ्याला, दुसरं पत्र लिहिलं तेव्हा तो स्वतः बंदीत होता, मरण समोर दिसत होतं, तरी पहिल्याच काही ओळींत त्याने तीमथ्याच्या आजीची आणि आईची आठवण काढली, नावं घेऊन: लोईस आणि युनीके. मीही धडगावच्या आमच्या बंधूंना आधी त्यांच्या आईच्या डोळ्यांचं विचारतो, मग कामाचं. आणखी एक. समोर बसलो की मी त्यांना ‘अरे’ म्हणतो, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे आहेत. पत्रात मात्र कायम ‘तुम्ही’. पत्र चार जणांच्या हाती पडतं, आणि पाळकाला वरचा माणूस अरे-तुरे करतो हे मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी वाचलं तर त्या तरुणाचं ऐकणार कोण?

आता सगळ्यात महत्त्वाचं. दर पाकिटात दोन कागद घाला. एक मंडळीत मोठ्याने वाचायचा, दुसरा फक्त पाळकाचा. दोन्हींवर वरच्या कोपऱ्यात ठळक लिहा: ‘मंडळीत वाचावे’, ‘तुमच्यासाठी’.

हे मी शिकलो ते चुकून. सात-आठ वर्षांपूर्वी एका पाड्यावर कापणीच्या सणाला दानात मका आला, चार-पाच पोती, शिवाय तूर आणि कोंबड्या. मका विकून प्रार्थनाघराचे पत्रे घ्यायचे ठरलं होतं. महिन्याने एक जण नंदुरबारला दवाखान्यात आला आणि मला म्हणाला, वडिलांनी दोन पोती घरी नेली. (वडील म्हणजे बाप नव्हे, मंडळीचा कारभार बघणारा जाणता.) मी त्याच रात्री पत्र लिहिलं, एकाच कागदावर. वर सणाबद्दल आनंद, खाली त्या वडिलांचं नाव घेऊन हिशेब मागितला. पाळक त्या रविवारी तापाने झोपले होते. पत्र एका शाळकरी पोराने वाचलं, वरपासून खालपर्यंत, सगळ्यांसमोर. मका गेला होता एका विधवा बाईच्या घरी. तिचा नवरा श्रावणात वारला होता, आणि तिची लाज राखायची म्हणून त्या माणसाने कोणाला सांगितलं नव्हतं. ते वडील आठ महिने उपासनेला आले नाहीत. मी जीपने गेलो, मंडळीपुढे उभा राहिलो, त्यांची क्षमा मागितली. ते काहीच बोलले नाहीत, फक्त बसायला घोंगडी पुढे सरकवली.

तक्रार आली की दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून वडिलांविरुद्ध ती ऐकून घेऊ नये, हे पौलाने तीमथ्याला स्पष्ट सांगितलेलं. मी ते शंभरदा शिकवलं होतं. आता असं काही कानावर आलं तर ‘तुमच्यासाठी’च्या कागदावर एवढंच लिहितो:

‘बंधू, हिशेबाबद्दल एक गोष्ट ऐकली. सांगणारा एकटाच आहे, म्हणून मी काही धरून बसलेलो नाही. दोघा जाणत्यांना सोबत घ्या आणि त्यांच्या घरी जा. आधी चहा घ्या, मग विचारा. ते वयाने तुमच्या वडिलांसारखे आहेत, तसंच बोला. काय करायचं ते तुम्ही ठरवा. काय ठरवलं ते मला कळवा.’

‘तुम्ही ठरवा’ हे शब्द लिहायला मला फार वर्षं लागली. नंदुरबारला बसून धडगावच्या पाड्यावर कोणाला वडील नेमायचं हे मला काय कळणार? पौलाने आपल्या दुसऱ्या साथीदाराला, तीताला, क्रेत बेटावर ठेवलं, गावोगावी वडील नेमायला सांगितलं, आणि वडील कसा असावा ते लिहून दिलं: घर सांभाळणारा, पाहुणचार करणारा, रागीट नाही, पैशाचा लोभी नाही. माप दिलं. नावं दिली नाहीत. नावं तीताने शोधायची. तुम्हीही माप लिहा आणि थांबा. एखादं नाव मनात आलं तरी कागदावर उतरवू नका, कारण तुम्ही लिहिलेलं नाव तिथे सूचना राहत नाही, हुकूम होतो.

मंडळीत वाचायच्या कागदाची भाषा वेगळी हवी. तिथल्या घरांत पावरी बोलतात, भिली बोलतात. मराठी ही शाळेतली भाषा. पाळक एक वाक्य वाचतात आणि तेच त्यांच्या बोलीत सांगतात, मग पुढचं. म्हणून वाक्य एका श्वासाचं ठेवा. ‘आत्मिक उन्नतीच्या दृष्टीने’ असलं काही लिहिलं की बोलीत सांगताना ते अडखळतात, आणि लोक त्यांच्याकडे बघत राहतात. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचं भाषांतर केलं, ते अगदी साध्या बायकांना कळावं अशा मराठीत. शेवटपर्यंत त्याच कामात होत्या, १९२२ साली त्या गेल्या. एक पान लिहायचा आपल्याला कंटाळा का यावा? लिहून झालं की मी आमच्या सौ.ना मोठ्याने वाचून दाखवतो. त्या भाकरी थापत ऐकतात. जिथे त्या ‘काय म्हणालात?’ विचारतात, ते वाक्य मी खोडतो. अक्षरही मोठं काढा, सोलरच्या दिव्यात वाचायचं असतं.

दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, बारडोलीकडे. तेव्हा मंडळी म्हणजे प्रार्थनाघर नाही, शेताच्या कडेला पडलेला पडाव. त्यासाठी ऑक्टोबरातच वेगळं पत्र लिहावं, निघायच्या आधी पोचेल असं. त्यात उपदेश कमी ठेवा. टोळीत शनिवारी रात्री प्रार्थना कोण घेईल, हे पाळकांनी ठरवून त्याला उभं करावं, एवढं सांगा. दोन गीतांचे क्रमांक द्या. लेकराला ताप आला तर मुकादमाची वाट न बघता दवाखाना गाठा, हेही लिहा. माझ्या दृष्टीने हीसुद्धा पाळकाचीच सूचना आहे. पौलाने नाही का तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं?

पोस्टकार्डाचा उपयोग विसरू नका. ५० पैशांचं कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचतो, दुकानदार वाचतो, वाटेतला जो तो वाचतो. म्हणून माणसाची चूक कार्डावर कधीही लिहायची नाही. आणि चांगली गोष्ट मुद्दाम कार्डावरच लिहायची. ‘तुमच्या पाड्यावरच्या बायकांनी विहिरीचा गाळ काढला हे ऐकून फार आनंद झाला’, असं कार्ड गेलं तेव्हा ते आठ दिवस किराणा दुकानाच्या फळीला टोचलेलं होतं.

पत्राच्या शेवटी काहीतरी मागा. पौलाने त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा मागितला, पुस्तकं मागितली, आणि हिवाळ्याआधी ये म्हणून विनवलं. मी धडगावकडचा आमचूर मागतो, कधी आईच्या हातचं लोणचं. नुसत्या सूचना येत राहिल्या तर माणूस पत्र ऑफिसच्या कागदासारखं घडी करून ठेवून देतो. काही मागितलं की तो द्यायला येतो, बसतो, जेवतो, आणि पत्रात न लिहिलेलं सगळं बोलून जातो. माझ्या शेवटच्या ओळीत मेमध्ये ठरलेलं असतं: पाऊस लागायच्या आत एकदा या.

बंद करण्याआधी दोन्ही कागदांचा मोबाइलवर फोटो काढा आणि तारीख घाला. पत्रं मागेपुढे पोचतात. श्रावणातलं पत्र दसऱ्याला मिळालं आणि जुनी सूचना नवी समजून पाळली, असंही झालंय. म्हणून मी तारखेखाली पत्राचा क्रमांकही टाकतो. सध्या १३७ चालू आहे. हातोहात पाठवायचं असेल तर जीपवाल्याकडे नुसतं टाकू नका. पौलाची पत्रं तुखिकासारख्या ओळखीच्या भावाने नेली, तो तोंडीही खुशाली सांगायचा. नंदुरबारला दवाखान्याला किंवा बाजाराला आलेली मंडळीतली बाई असेल तर उत्तम. तिला बसवून, पाणी देऊन, मंडळीत वाचायचा कागद एकदा वाचून दाखवा. वाटेत पाकीट भिजलं तरी मग फार बिघडत नाही.