मावशी थांबल्या आणि मी बोलले

गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या एका मावशींचं, ध्वनिकथेसाठी केलेलं दोन तास अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात एका तासाच्या पुढे सव्विसाव्या मिनिटाला मावशी थांबतात. १९८२चा कापड गिरण्यांचा संप लांबलाय, जेवायला येणारी मुलं एकेक करून गावाला चाललीत, आणि एका रात्री नवरा घरी येतो. ‘हे दारातच उभे राहिले...’ एवढं बोलून त्या गप्प होतात. चार सेकंद. मग माझा आवाज येतो, ‘म्हणजे गिरणी आता सुरू होणार नाही, हे त्यांना कळलं होतं का?’ मावशी म्हणतात, ‘हां, तसंच,’ आणि मुलाच्या शाळेचं सांगायला लागतात. दारात उभा राहून नवरा काय म्हणाला, ते माझ्याकडे नाही.

मी अभ्यास करून गेले होते आणि त्यानंच घात केला. १८ जानेवारी १९८२ ही संपाची तारीख, डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व, अडीच लाखांच्या आसपास कामगार, खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ, सगळं मला पाठ होतं. त्यामुळे मावशी थांबल्या तेव्हा रिकामी जागा भरायला माझ्याकडे उत्तर तयार होतं. त्यांनी ते नम्रपणे स्वीकारलं. वयस्क माणसं असंच करतात. शिकलेली मुलगी घरी आलीय, तिचं कशाला मोडा, म्हणून ‘हो’ म्हणतात. तुम्हाला वाटतं दुजोरा मिळाला. प्रत्यक्षात दार बंद झालेलं असतं.

साध्या माणसांच्या आयुष्याच्या निवांत ध्वनिकथा करायला तुम्ही निघाला असाल, तर रेकॉर्डर, माइक, हेडफोन यांची प्राथमिक माहिती तुम्हाला असणार असं धरते. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका, शेजारच्या कुकरच्या वेळा विचारून घ्या. माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण माणूस हसला किंवा रडला की आवाज चढतो आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माइकची वेव्ह फाइल तासाला अर्धा जीबी घेते, म्हणजे जागेची काटकसर करायचं कारण नाही. हे सगळं आठवड्याभरात येतं. त्याची धास्ती घेऊ नका.

गप्प बसणं आठवड्याभरात येत नाही. आपल्याकडे ऐकणाराही आवाज करतो. आजी गोष्ट सांगायची तेव्हा ‘हं’ म्हणायला विसरलं की ‘झोपलीस का गं?’ व्हायचं. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात. जात्यावर एकीनं ओवी म्हटली की समोरची ती उचलते. हुंकार न देणारा माणूस आपल्याला शिष्ट वाटतो. आणि नेमका हाच हुंकार माइकमध्ये सांगणाऱ्याच्या आवाजावर बसतो. माझ्या पहिल्या सहा रेकॉर्डिंगमध्ये वाक्याच्या शेवटच्या शब्दावर ‘हं’, ‘हो ना’, ‘अरे बापरे’ आहे. एकच माइक असेल तर तो वेगळा काढता येत नाही. दोन माइक, दोन ट्रॅक असले तरी छोट्या खोलीत तुमचा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरतोच.

म्हणून मी आता सुरुवातीलाच सांगते, ‘मावशी, मी तोंडानं हं म्हणणार नाही, मान हलवीन. ऐकतेय मी.’ पहिली दहा मिनिटं त्यांना अवघडतं, मग सवय होते. डोळे त्यांच्याकडे ठेवायचे, वहीकडे नाही. जीभ टाळूला लावून बसलं की ‘हं’ आपोआप अडतो. हे ऐकायला पोरकट वाटेल, पण मला याच गोष्टीनं वाचवलं.

आणि माणूस थांबला की थांबा. दहापर्यंत मोजा, मग आणखी पाच. पंधरा सेकंद अनोळखी घरात असह्य होतात, मला माहीत आहे. त्या वेळात त्यांच्या नजरेकडे बघा. बोलणं संपलेला माणूस तुमच्याकडे बघतो. तेव्हा पुढचं विचारायला हरकत नाही. भिंतीकडे, स्वतःच्या हातांकडे, दाराकडे बघत असेल तर तो अजून तिथंच आहे, त्या रात्रीत. त्याला तिथून ओढून आणायचा आपल्याला अधिकार नाही. बोलावंच लागलं तर त्यांचेच शेवटचे शब्द हळू परत म्हणा. ‘दारातच उभे राहिले...’ एवढंच. मी हे केलं असतं तर!

प्रश्नांची यादी आधी पाठवा असा सल्ला तुम्हाला मिळेल. पाठवू नका. यादी पाहून घरातला शिकलेला मुलगा उत्तरं बसवून देतो आणि आई ती पाठ म्हणते. पहिल्या तीस सेकंदांत श्रोत्याला पकडा, असं सांगणारे गुरूही भेटतील. त्यांचं ऐकून मी एका कथेची सुरुवात रडण्यानं केली होती. ती ऐकून त्या बाईंनी पुढं ऐकायचंच नाकारलं. आवाज आपोआप स्वच्छ करणाऱ्या सॉफ्टवेअरवरही माझा राग आहे. खरखर कमी करता करता ते बांगड्यांचा आवाज आणि श्वासही नेतं. विराम कापू नका. साताऱ्याकडच्या बाईच्या आणि कोकणातल्या बाईच्या थांबण्याच्या जागा वेगळ्या असतात. विराम कापले की दोघी बातम्या वाचल्यासारख्या ऐकू येतात. मागे सारंगी-बासरी वाजवायची तर गरजच नाही.

अमेरिकेत २००३ साली सुरू झालेल्या, साध्या माणसांची संभाषणं रेकॉर्ड करणाऱ्या स्टोरीकोअर या उपक्रमात चाळीस मिनिटांत संभाषण होतं, मग आपल्याला दोन तास कशाला, असं मला एकानं विचारलं. तिथं बहुतेक वेळा एकमेकांना ओळखणारी दोन माणसं समोरासमोर बसतात. आपण परके. आपली पहिली चाळीस मिनिटं चहा, गाव, आडनाव यातच जातात आणि ती वाया गेलेली नसतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. माणसं पुन्हा पुन्हा त्या बायकांकडे गेली, म्हणून ते झालं. एका भेटीत सगळं मिळालं नाही तर खचू नका. मिळत नसतंच.

मीही परत गेले, चार महिन्यांनी. तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही एवढं ठरवलं होतं. मावशी तांब्याच्या हंड्याबद्दल बोलल्या, तो कुठं गहाण पडला, पुढं कसा सुटला नाही. छान बोलल्या. शेवटी मी सांगितलं की आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही, मला नुसता खोलीचा आवाज घ्यायचाय. कापलेल्या जागी खाली अंथरायला तो लागतो, म्हणून प्रत्येक वेळी घ्याच. रेकॉर्डर चालू आहे हेही सांगितलं. ते न सांगता चालू ठेवणं ही चोरी आहे, मग हाती काहीही लागो.

चाळीसएक सेकंद झाले. मावशी दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी नवऱ्याचं ते वाक्य सांगितलं, त्याच्याच आवाजाच्या ढबीत. आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘हे घालू नको हां.’

घातलं नाही. इथंही लिहिणार नाही. संमतीचा कागद आधी सही करून घेतलेला असला, तरी असं तोंडी सांगितलेलं कागदापेक्षा मोठं धरा. त्याच संध्याकाळी फाइलचे दोन भाग करा, न घालायच्या भागाच्या नावातच ‘बंद’ लिहा, आणि तो वेगळ्या डिस्कवर ठेवा. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता संपादन करताना आठवणीवर विसंबू नका. उरलेली कथा आधी मावशींना हेडफोन लावून पूर्ण ऐकवा, मधे न बोलता.