इम्प्रेशनिस्ट चित्राची फ्रेम घेताय? या चुका टाळा

क्षणाचा प्रकाश टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्ट शैलीतला फ्रेंच चित्रकार मोने, त्याच्या चित्राची प्रिंट घ्यायला निघालेले बहुतेक जण आधी भिंत मोजतात, मग सोफ्याच्या कापडाशी रंग जुळवतात आणि चित्राकडे सगळ्यात शेवटी बघतात. घोटाळा इथेच सुरू होतो.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते मापात. मोनेचं १८७५ चं छत्री घेतलेल्या स्त्रीचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. उंची १०० सेंटिमीटर, रुंदी ८१. बाजारात तयार फ्रेम मिळते १२ बाय १८ इंचांची, म्हणजे अंगाने बरीच अरुंद. मग दुकानदार दोन्ही बाजू छाटतो. उजव्या कोपऱ्यातली मोनेची सही जाते आणि डावीकडे उभा असलेला छोटा मुलगा कडेला चिकटतो. त्याच्या आणि आईच्या मागे पसरलेलं मोकळं आभाळ हाच तर त्या चित्राचा श्वास आहे! फ्रेम तीच हवी असेल तर छाटू देऊ नका. प्रिंट ९ बाय ११ इंचांची काढून घ्या आणि उरलेल्या जागेत माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, भरायला सांगा.

प्रिंट जवळून फुटलेली दिसत असेल तर दोष बहुधा फाइलचा असतो. १६ बाय २० इंचांच्या चांगल्या प्रिंटला साधारण ४८०० बाय ६००० पिक्सेल लागतात. वॉशिंग्टनची ही गॅलरी स्वतःच मोठ्या फाइल फुकट देते, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूटही देतं. तिथून उतरवून घ्या.

रंगांचं तर विचारूच नका. मोनेच्या १८७२ च्या सूर्योदयाच्या चित्रात नारिंगी सूर्य भोवतालच्या राखाडी-निळ्या आभाळाइतकाच उजळ आहे. चित्र कृष्णधवल केलं की तो जवळजवळ नाहीसा होतो, आणि रंगात मात्र थरथरतो. छापणाऱ्याने ‘उठाव’ यावा म्हणून सूर्य भडक केला की ती थरथर संपली. दुकानात मोबाइलवर प्रिंटचा कृष्णधवल फोटो काढा. सूर्य ठळक दिसला तर ती प्रिंट घेऊ नका.

कॅनव्हासवर पारदर्शक जेल फिरवून ‘हाताने रंगवल्यासारखी’ केलेली प्रिंटही नको. मोनेचा ब्रश गवतात वाऱ्याच्या दिशेने धावतो, जेलचे फटकारे भलतीकडेच जातात. नजरेला ते सतत खुपतं.

जाड सोनेरी पट्टीचा आग्रह कशाला? मोनेच्याच गटातल्या पिसारो या चित्रकाराने १८७७ च्या प्रदर्शनात आपली चित्रं पांढऱ्या चौकटींत लावली होती. साधी पांढरी किंवा फिकट लाकडी पट्टी या रंगांना खुलवते.

मुंबई-कोकणात खरा शत्रू पावसाळा. माउंट न घालता कागद थेट काचेला टेकवला की दमट हवेत तो चिकटतो आणि सोडवताना शाई काचेवर राहते. कागदाला लहरी पडल्या असतील तर बहुतेक वेळा तो चारही बाजूंनी चिकटवून टाकलेला असतो. फ्रेमवाल्याला फक्त वरच्या कडेला टेप लावायला सांगा, म्हणजे कागदाला फुगायला-आकसायला जागा राहते. ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावू नका. लावावीच लागली तर मागच्या चारही कोपऱ्यांना रबराची छोटी बटणं लावून भिंतीपासून थोडी सुटी ठेवा. पाऊस संपला की एकदा उतरवून मागच्या हार्डबोर्डवर बुरशी आली आहे का ते बघा. आली असेल तर तेवढा बोर्ड बदलून घ्या, प्रिंट वाचते.