रंग उडाला, पण सीओडी हलला नाही? सांडपाण्याच्या फोटोकॅटॅलिसिसमध्ये या चुका टाळा

फोटोकॅटॅलिसिस म्हणजे उजेड आणि उत्प्रेरक पावडर वापरून पाण्यातली प्रदूषकं तोडणं. नवी मुंबईतल्या रबाळ्यात एका कारखान्याच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये) मी टायटॅनियम डायऑक्साइडच्या पावडरची पहिली चाचणी लावली, तेव्हा लालभडक पाणी दोन तासांत नितळ झालं. सगळे खूश. सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) मोजला, तर जेमतेम उतरलेला! रंग दिसतो तो रेणूच्या एका भागामुळे. तो भाग तुटला की रंग जातो, बाकीचे तुकडे पाण्यातच राहतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा सीओडी सर्वसाधारण मानकानुसार लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आत लागतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं असेल तर उरलेलं पेरॉक्साइड आधी नष्ट करा. ते सीओडी खोटाच वाढवून दाखवतं.

दुसरी चूक जास्त फसवी. पावडर रंग नुसता शोषूनही घेते. म्हणून दिवा न लावता अर्धा तास ढवळा, मग नमुना घ्या आणि सुरुवातीचा आकडा तोच धरा. नाहीतर शोषणालाच विघटन समजून बसाल.

काम होत नाही म्हणून पावडर वाढवत जाऊ नका. लिटरला साधारण 1 ग्रॅमच्या पुढे पाणी दुधाळ होतं आणि उजेड आतपर्यंत पोचतच नाही. पाणी मुळातच गडद असेल तरी हेच होतं. आधी गाळ बसवा, जैविक प्रक्रिया उरका, ही पायरी शेवटी ठेवा.

दिवा कोणता, हेही बघा. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज प्रकाराला 387 नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरी लागतात. साधा पांढरा एलईडी इथे निरुपयोगी. उन्हात असा उजेड चार-पाच टक्केच असतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. उन्हाच्या भरवशावर प्लांट बांधू नका. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षारांचा थर चढतो, तोही वेळच्या वेळी काढा.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये जमलेला प्रयोग खऱ्या सांडपाण्यात फसतो, तो बहुतेकदा क्लोराइड आणि बायकार्बोनेटमुळे. उजेडात पावडरवर तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल प्रदूषकं तोडतात, पण हे क्षारच त्यांना खाऊन टाकतात. त्यामुळे पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल ओतणं म्हणजे स्वतःच क्लोराइड वाढवणं.

आणि पावडर बाहेर जाऊ देऊ नका. ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. आपले नाले तिकडेच उतरतात. टाकीत पाणी दुधाळच राहत असेल तर पीएच 6 ते 7 च्या दरम्यान आणा. तिथे पावडरच्या कणांवरचा विद्युतभार जवळजवळ शून्य होतो, ते एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. वरचं पाणी मगच फिल्टरला द्या.